स्नायुसंवर्धन, मध्यमवयातील (कोकण किनारपट्टी)

चाळिशी ते पासष्टीच्या दरम्यान स्नायूंचे वस्तुमान व ताकद टिकवण्यासाठी, किंवा गेलेली परत मिळवण्यासाठी, पुरेशी प्रथिने आणि भाराचा व्यायाम यांची घातलेली सांगड. दंड फुगवणे हा त्याचा एक प्रकार झाला. मुख्य हेतू साधा आहे. पाटावरून हात न टेकता उठता यावे, घाटी, म्हणजे डोंगरातली चढाची पायवाट, चढताना मध्ये बसावे लागू नये, आणि पडल्यावर हाड मोडू नये. या नोंदीत पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीतील खाणे, कष्ट आणि हंगाम यांच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहून झपाट्याने जाते. दंड तेवढाच जाड दिसतो, पण विहिरीतून भरलेली कळशी ओढताना दोनदा थांबावे लागते. सर्वांत आधी झिजतात ते जलद आकुंचन पावणारे तंतू. ठेच लागल्यावर झटकन दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरण्याचे काम याच तंतूंचे. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून पाय सरकला की पंचविशीतला मुलगा सावरतो आणि पंचावन्नचा बाप आपटतो, यात नशिबाचा भाग थोडाच असतो. वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला अमेरिकी वैद्यक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मांसाची उणीव. मालवणी मुलखात तिला वेगळे नाव नाही. ‘आता पयल्यासारख्या होनां नाय’ म्हटले की विषय संपतो.

कौलारू घर दरवर्षी शाकारावे लागते, तसाच स्नायूही सतत मोडून नव्याने बांधला जात असतो. मोडणी आपोआप चालते. बांधणीला मात्र दोन इशारे लागतात. एक, स्नायूवर पडलेला भार. दुसरा, जेवणानंतर रक्तात आलेली अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने पचल्यावर सुटणारे त्यांचे घटक, त्यांतही ल्यूसिन नावाचे. वय वाढते तसा स्नायू या दोन्ही इशाऱ्यांना जड कानाने प्रतिसाद देतो. तरुण शरीरात बांधणीला पुरती चालना मिळण्यासाठी एका जेवणात शरीराच्या दर किलोमागे सुमारे पाव ग्रॅम प्रथिने पुरतात. सत्तरीच्या आसपास तेवढ्याच परिणामासाठी ०.४ ग्रॅमच्या आसपास लागतात. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने स्नायू आणि हाडे दोन्ही एकदमच ढिली पडू लागतात.

भारतीयांच्या बाबतीत सुरुवातच कमी भांडवलावर होते. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २२.३, म्हणजे वजनकाट्याच्या हिशेबाने दोघे सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगाने किडकिडीत, पोट किंचित पुढे आलेले आणि रक्तात साखर वाढलेली, असा पन्नाशीचा माणूस कोकणातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर दिसतो. जेवणानंतर रक्तातील साखर उचलून साठवणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते लहान असले की साखर बाहेर तुंबते. म्हणून हा विषय केवळ ताकदीचा राहत नाही.

आहार. कोकणी माणूस मासे खातो, तेव्हा त्याला प्रथिनांची काय वाण, असा समज आहे. हिशेब मांडला की तो डळमळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोंच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. पासष्टीपुढच्यांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावीत, असे तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये सुचवले, आणि पन्नाशीपासूनच त्या आकड्याकडे सरकणे शहाणपणाचे. नेटाने भाराचा व्यायाम करणाऱ्यांना १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. त्यापुढे फारसा नाही. आता ताट पाहू. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे: ४ ग्रॅम. दुपारी भाताचा डोंगर, त्यावर तिखले आणि अर्धा बांगडा: भाताचे ९, बांगड्याचे ८, भाजीआमटीचे २–३. रात्री पुन्हा भात आणि कुळथाची पिठी: ११. दोन वेळचा दुधाचा चहा आणि बिस्किटे: ४. बेरीज चाळीसच्या आतबाहेर, त्यातली निम्मी भाताच्या, तांदळाच्याच वाटेने आलेली. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळी-कडधान्ये ती उणीव भरून काढतात, पण पुरेशी असली तर.

पिठीची गंमत इथे सांगण्यासारखी आहे. कुळीथ हे १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने देणारे जबरदस्त कडधान्य. पण पिठी करताना लसणाच्या फोडणीत पाणी ओतून त्यात दोनतीन चमचे पीठ लावतात आणि ते चार वाट्यांना पुरते. ताटात येतो तो कुळथाचा वास आणि रंग. एका माणसाला पाच ग्रॅम प्रथिने मिळाली तर खूप. त्याच कुळथाची मोड काढून उसळ केली, किंवा काळ्या वाटाण्याचे सांबार रस्सा कमी आणि वाटाणा जास्त असे वाढले, की आकडा दुपटीवर जातो. माशाच्या कालवणालाही हेच लागू: रस्सा भातासाठी असतो, प्रथिने तुकड्यात असतात. मध्यम आकाराच्या अख्ख्या बांगड्यातून १६ ते १८ ग्रॅम प्रथिने मिळतात, तीही ल्यूसिनने भरलेली. तारली, पेडवे, बांगडा ही स्वस्त मासळी या कामासाठी पापलेट-सुरमईच्या तोडीची आहे. पण घरात तुकड्या वाढण्याचा एक अलिखित क्रम असतो: पुरुष, मुले, पाहुणे, आणि शेवटी रांधणारीच्या ताटात डोके, शेपटी आणि रस. स्नायू सर्वांत वेगाने झिजण्याच्या वयात तिचा वाटा सर्वांत कमी पडतो. पंक्तीच्या या शिस्तीवर फारसे कोणी बोलत नाही.

शाकाहारी घरांत आणि उपवासांच्या दिवशी तूट अधिक वाढते. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी असे वार पाळणाऱ्याचे महिन्यातले बरेच दिवस साबुदाण्यावर जातात आणि साबुदाण्यात प्रथिने नसल्यातच जमा. खिचडीला थोडाफार आधार असतो तो दाण्याच्या कुटाचा. दही, दूध, पनीर, मूग, चवळी, सोयाबीनच्या वड्या यांनी शाकाहारातही मजल गाठता येते. मात्र ती ठरवून गाठावी लागते.

वर्षाचा तोल. कोकणातील कष्ट आणि खाणे दोन्ही हंगामी आहेत, आणि त्यांचे हंगाम एकमेकांशी जुळत नाहीत. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पाठोपाठ श्रावण येतो आणि अनेक घरांत नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा गणपती होईपर्यंत मासळी शिजत नाही. नेमक्या याच काळात चिखलणी, तरवा काढणे आणि लावणी ही वर्षातली सर्वांत अंगमोड करणारी कामे येतात. जुन्या पिढीने यावर तोड काढली होती: आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सुकट, सोडे, सुका बांगडा, कुळीथ आणि वाल भरून ठेवायचे. पहिल्या पावसात चढणीचे मासे आणि कुर्ल्या मिळत. सुकटीच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिने असतात, मूठभर सुकटीची चटणी म्हणूनच पेजेला तारते. खारवलेल्या सुक्या माशात मीठही तितकेच, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी ते धुऊन, जपून खावे. भात कापल्यावर उरलेल्या ओलाव्यावर वाल, चवळी, कुळीथ पेरण्याची रीत ही तर स्नायूंच्या दृष्टीने कोकणातली सर्वांत हुशार शेती. रायगडात थंडीत लागणाऱ्या पोपटीत वालाच्या शेंगांबरोबर अंडी आणि कोंबडीही जाते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून केलेले इतके प्रथिनयुक्त जेवण तिथे एरवी क्वचितच एका बैठकीत होते.

कष्ट आणि व्यायाम. ‘आमका व्यायाम कशाक, आमी शेतात राबतंव’ हे उत्तर अर्धे खरे आहे. राहाटाने पाणी काढणे, मुसळाने कांडणे, नांगर धरणे, पंचवीस किलोंच्या वरचे चिरे उचलणे, माडावर चढणे, रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढत मागे मागे सरकणे, ही सर्व स्नायूंवर खरा भार टाकणारी कामे होती. त्यांतली बहुतेक पंप, गिरणी, पॉवर टिलर आणि मोटारसायकल यांनी घेतली. माडावर चढायला आता पाडेली बोलवावा लागतो आणि तोही वेळेवर मिळत नाही. उरली ती लावणीसारखी कामे: तासन्‌तास वाकलेली कंबर, हातात रोपांची हलकी मूठ. त्याने पाठ दुखते, दम वाढतो, मांडीला मात्र बळ येत नाही. स्नायू वाढतो तो त्याच्या मर्यादेजवळचा भार आल्यावर आणि तो भार हळूहळू वाढत गेल्यावर. पुळणीवर सकाळी चालायला जाणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते. चालणे हृदयासाठी उत्तम, पण खुर्चीतून उठण्याची ताकद त्याने राखली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीखेरीज किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम वेगळा सांगितला आहे, तो यासाठीच.

घाटी उतरणे हा अपवाद. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचे वजन पेलत असतो, आणि असा भार चढण्यापेक्षा स्नायूला जास्त झोंबतो. गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी पहिल्या दिवशी देवळापर्यंत चार फेऱ्या मारतो आणि दुसऱ्या दिवशी आरतीला बसताना मांड्या धरून कण्हतो, त्याचे कारण हे. दुखणे दोनतीन दिवसांत जाते. तोवर घाटी टाळण्यापेक्षा हळूहळू उतरत राहिलेले बरे.

घरी सुरुवात करायला पडवीतली खुर्ची पुरते. हात छातीशी बांधून पाच वेळा उठबस करावी. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार त्याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर ते सावध होण्याचे लक्षण. शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत रुंद भाग मोजावा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरांच्या आत भरला तर पुढची तपासणी करून घ्यावी. व्यायाम म्हणून उठबस, भिंतीला किंवा ओट्याला रेटून जोर, ओणवे होऊन वजन ओढणे आणि जड बादल्या दोन्ही हातांत धरून चालणे एवढे पुरेसे आहे. प्रत्येकाचे दोनतीन फेरे, फेऱ्यात आठ ते बारा आवर्तने, आणि शेवटची दोन दात खाऊन व्हावीत इतका भार. दोन खेपांत एक दिवस विश्रांतीचा. दहा लिटरची बादली पाण्याने भरली तर दहा किलो, कोरड्या वाळूने भरली तर पंधरा-सोळा. त्यामुळे वाळूची पातळी बोटाबोटाने वाढवत नेणे हा डंबेलइतकाच शास्त्रशुद्ध मार्ग आहे. तालमीतल्या जोर-बैठकांची परंपरा मोलाची, पण शंभर बैठका सहज निघू लागल्या की ताकद वाढण्याचा वेग मंदावतो. तेव्हा आकडा वाढवण्याऐवजी खांद्यावर अर्धे पोते घ्यावे.

उशीर झाला असे वय नाही. १९९० मध्ये बॉस्टनमधील एका अभ्यासात वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

तालुक्याच्या गावांत आता जिम आली आहेत आणि त्यांच्याबरोबर डबेही. व्हे पावडर म्हणजे चीज करताना निघणाऱ्या निवळीतली सुकवलेली प्रथिने, दुधाचाच एक अवतार. जेवणातून भागत नसेल तर तिची सोय आहे, जादू नाही. दीड बांगडा किंवा चार अंडी तिच्या एका मापाएवढेच काम करतात.

आजारपण आणि पथ्य. दहा दिवस अंथरुणात पडून राहिलेल्या निरोगी ज्येष्ठांच्या पायांतून सुमारे एक किलो स्नायू गेल्याचे २००७ मध्ये नोंदले गेले. लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचा ताप आला की कोकणातला शेतकरी तितकेच दिवस पडतो, आणि त्याला मिळते ती निव्वळ पेज. पचायला ती उत्तमच. पण ताप उतरताच तिच्याबरोबर अंडे, मुगाचे कढण किंवा दूध सुरू झाले पाहिजे आणि पडवीत फेऱ्याही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) तपासून डॉक्टरांशी बोलावे. निरोगी मूत्रपिंडाला वर सांगितलेल्या प्रमाणाने अपाय होत नाही.

शिमगा. रत्नागिरी जिल्ह्यात फाल्गुनात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. वर्षभर खुर्चीत बसलेले पन्नाशीचे चाकरमानी मानाचा खांदा द्यायला पुढे होतात आणि दुसऱ्या दिवशी कंबरेला पट्टा बांधून परततात. भाराच्या व्यायामात पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वाढणारी ताकद प्रामुख्याने मज्जासंस्था स्नायूंना अधिक नेटाने कामाला लावू लागते म्हणून येते. स्नायूची जाडी मागाहून वाढते. त्यामुळे पौषात बादली उचलायला लागलेल्याचा खांदा शिमग्यापर्यंत पालखीखाली टिकू लागतो, सदऱ्याची बाही मात्र तोवर तितकीच सैल असते.