‘मॅन’मध्ये बाई धरायची की नाही?

‘मेल’, ‘मॅस्क्युलिन’ आणि ‘माचो’ हे तिन्ही शब्द ‘मास्क्युलस’ या एकाच लॅटिन घरातले. पहिले दोन चौदाव्या शतकात फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले, तिसरा थेट विसाव्या शतकात, स्पॅनिशमधून. ‘मेल’ म्हणजे नर. मग तो माणूस असो, बैल असो की पपईचं झाड. ‘मॅस्क्युलिन’ हा व्याकरणातल्या पुल्लिंगापासून चालण्या-बोलण्यातल्या पुरुषीपणापर्यंत पसरलेला शब्द. ‘माचो’ म्हणजे आपल्याकडचा रांगडा, पण मिशीला जरा जास्तच पीळ दिलेला. गंमत म्हणजे ‘फीमेल’चं ‘मेल’शी रक्ताचं नातं नाही, शेजारधर्मानं स्पेलिंग तेवढं सारखं झालं. ‘व्हिराइल’ (पौरुष असलेला) या शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘विर’ मात्र आपल्या ‘वीर’चा सख्खा भाऊ.

खरा गुंता ‘मॅन’चा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’ असा होता. पुरुषासाठी ‘वेर’ हा वेगळा शब्द होता. तो पुढे मेला, आता ‘वेअरवुल्फ’मध्ये, म्हणजे गोष्टीतल्या लांडगा होणाऱ्या माणसात, तेवढा उरलाय. त्याचंही काम ‘मॅन’वर आलं आणि एकाच शब्दात माणूस आणि पुरुष दोघे राहू लागले. हे भाडेकरू भांडले ते कायद्याच्या दारात.

ब्रिटनच्या १८३२च्या मतदान कायद्यात ‘मेल पर्सन’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. १८५० साली दुसऱ्या एका कायद्यानं ठरवलं, की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या, स्पष्टपणे वगळल्या नसतील तर. मग १८६७च्या मतदान कायद्यात ‘मेल’ गेला आणि ‘मॅन’ आला. त्या चर्चेत संसदेच्या एका सदस्यानं ‘मॅन’ऐवजी ‘पर्सन’ घाला अशी दुरुस्ती सुचवली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या ५,३४६ स्त्रिया न्यायालयात उभ्या राहिल्या. युक्तिवाद बिनतोड होता: ‘मेल’ काढून ‘मॅन’ घातलात, ‘मॅन’ पुल्लिंगी, आणि पुल्लिंगात आम्ही येतो असं तुमचाच कायदा म्हणतो. न्यायालय म्हणालं, इतर कायद्यांत येत असाल, या कायद्यात नाही. बायकांना मत नाही ही जुनी रीत आहे. कर भरताना आणि शिक्षा भोगताना त्याच पुल्लिंगात बाई बिनबोभाट बसत होती, याची आठवण मताधिकारवाल्या स्त्रिया पुढे पन्नास वर्षं करून देत राहिल्या.

हा वाद बोटीत बसून इकडेही आला. १८६०च्या भारतीय दंड संहितेनं एक बरं केलं: इंग्रजी ‘ही’ (he, म्हणजे ‘तो’) हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांसाठी, आणि ‘मॅन’ म्हणजे कोणत्याही वयाचा पुरुष. म्हणजे पाळण्यातलं पोरही ‘मॅन’. १८९७च्या इथल्या एका कायद्यातही १८५०चाच नियम होता. तरीही १९१६ साली कायद्याची पदवी घेतलेली एक स्त्री कलकत्त्यात वकिलीची सनद मागायला गेली, तेव्हा ‘ही’मध्ये ‘शी’ येत नाही असा निकाल मिळाला. १९२१ मध्ये पाटण्यातही तेच झालं. शेवटी १९२३ साली वेगळा कायदा करावा लागला. नियम लिहिलेला असूनही! सवय नियमापेक्षा जाड असते, दुसरं काय.

‘मॅनली’ आणि ‘मॅनिश’ यांत अर्थाचं अंतर थोडं आणि तोऱ्याचं फार. पहिला कौतुकाचा. दुसऱ्याच्या पूर्वजाचा अर्थ जुन्या इंग्रजीत ‘मानवी’ असा होता; पुढे तो बाईला मारायचा टोमणा झाला. मराठीत तो टोमणा ‘पुरुषी’ शब्दानं मारतात, आणि ‘मर्दानी’ म्हटलं की तीच बाई खूश होते.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. तिच्यात ‘ही’ या सर्वनामाखाली आता पुरुष आणि स्त्रीबरोबर तृतीयपंथीयही आहेत. ‘मॅन’ची व्याख्या मात्र १८६० सालचीच ठेवली आहे.