आक्षीचे पाहुणे आणि तिथीचे गणित

पक्षी पाहायचे तर पहाटे उठावे, हा नियम रानात चालतो. अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर मात्र आधी तिथी पाहावी लागते. कोकणात भरतीचे सोपे गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ सुमाराने निघते. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणून भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या आसपास. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सव्वाअकराला येते, म्हणजे पाणी पहाटे पाचनंतर चढू लागते. हिवाळ्यात येथे उतरणाऱ्या चिखल्या (प्लोव्हर), तुतवार (सँडपायपर) आणि कुरव (गल) या पक्ष्यांचा दिवस या पाण्यावरच ठरतो. पूर्ण ओहोटीला ते इतके दूर पांगतात की दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात, आणि पाणी चढले की तेच पक्षी किनाऱ्याकडे सरकत येतात. पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे ऊन आपल्या पाठीशी असते. त्यामुळे उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी आठ ते दहा ही वेळ मला सर्वांत सोयीची वाटते.

तेव्हा सुरूच्या बनाच्या कडेला स्वस्थ बसावे. लडाख-तिबेटच्या पठाराकडून आलेला चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, मोठ्या डोळ्यांनी वाळू न्याहाळतो आणि टिपतो. त्याची चोच आखूड, सारी भिस्त नजरेवर. तुतवार मात्र न बघताच चोच खुपसत राहतो, कारण त्याच्या चोचीच्या टोकाला वाळूतला स्पर्श आणि दाब कळतो. एवढेच नव्हे, तर बाकीची चोच मिटलेली ठेवून तो वरच्या चोचीचे फक्त टोक उचलू शकतो आणि किडा वाळूतल्या वाळूत धरतो. कोरल (कर्ल्यू) या पक्ष्याची सुमारे 15 सेंटीमीटर लांबीची बाकदार चोच खेकड्याच्या बिळात खोलवर पोहोचते. एकाच वाळूवर इतके जण जेवतात, पण प्रत्येकाचा घास वेगळ्या खोलीवरचा.

कुरव ओळखताना नवशिके हमखास फसतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात पांढरे असते, डोळ्यामागे तेवढा एक काळसर ठिपका उरतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचीही तीच गत. त्याला ओळखायचे ते उडताना पंखांच्या काळ्या टोकांवर दिसणाऱ्या पांढऱ्या डागांवरून. होळीच्या सुमारास डोकी पुन्हा रंगू लागतात, आणि थव्यात काही अर्धी रंगलेली, काही अजून कोरी, अशी सगळी वाऱ्याकडे तोंड करून बसलेली दिसतात.