प्रतिरूप संयुक्त राष्ट्र परिषद : वादविवादाचे नियम

विद्यार्थी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन भरवतात त्या मॉडेल युनायटेड नेशन्स (एमयूएन) परिषदेत चर्चा, ठराव व मतदान यांचे नियमन करणारी कार्यपद्धती. सर्वांना बंधनकारक असा एकच नियमसंच नाही. आयोजक आपापली नियमावली काढतात.

या उपक्रमाची सुरुवात १९२० च्या दशकात राष्ट्रसंघाच्या (संयुक्त राष्ट्रांपूर्वीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नमुना अधिवेशनांतून झाली, असे सर्वसाधारणपणे मानतात. पहिल्या अधिवेशनाचा मान कोणत्या विद्यापीठाचा, याबद्दल मतभेद आहेत. नियमांच्या उगमाविषयीही दोन मते आढळतात. एका मतानुसार ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या कार्यपद्धतीवरून घेतले. दुसऱ्या मतानुसार हेन्री रॉबर्ट या अमेरिकन लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सभानियमांवरून. प्रत्यक्ष नियम ताडून पाहता दोहोंची सरमिसळ झाली असावी, हे मत अधिक पटते. चर्चा बंद करण्याच्या प्रस्तावात ती उघड दिसते. आमसभेच्या ७५ व्या नियमानुसार अशा प्रस्तावाविरुद्ध फक्त दोघांना बोलता येते व लगेच मतदान होते. त्याला साधे बहुमत पुरते. अनेक एमयूएन नियमावल्या विरोधी वक्ते दोनच ठेवतात, पण बहुमत मात्र रॉबर्टप्रमाणे दोन तृतीयांश मागतात. चर्चा तोडण्यापूर्वी अल्पमताला मिळणारे हे संरक्षण मोलाचे आहे.

मॉडरेटेड कॉकस, म्हणजे अध्यक्षाच्या नियंत्रणाखाली एखाद्या ठरावीक विषयावर होणारी छोटी चर्चा, तर आमसभेच्या नियमांत नाहीच. तो मागणारा डेलिगेट (प्रतिनिधी) विषय, एकूण वेळ व प्रत्येकाचा वेळ सांगतो : दहा मिनिटे, वक्त्याला एक मिनिट, म्हणजे फार तर दहा वक्ते. प्रस्ताव संमत झाला की बोलण्याचा क्रम ठरवणारी नेहमीची वक्त्यांची यादी बाजूला राहते आणि देशाची पाटी उंचावणाऱ्यांतून चेअर (अध्यक्ष) वक्ता निवडतात. त्यामुळे चेअरच्या निःपक्षपातीपणाची खरी कसोटी येथेच लागते. जागा सोडून वाटाघाटी करण्याच्या अनमॉडरेटेड कॉकसला निदान बैठक तहकूब करण्याच्या ७६ व्या नियमाचा आधार दाखवता येतो.

हजेरी, हरकतीचा मुद्दा, दुरुस्त्या इत्यादी बाबी बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. सुरक्षा परिषदेच्या प्रतिरूपात ठराव संमत होण्यास संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे पंधरापैकी नऊ मते लागतात. कार्यपद्धतीबाहेरच्या प्रश्नांवर पाच स्थायी सदस्यांना नकाराधिकार असतो.

द हेग येथे १९६८ पासून भरणाऱ्या परिषदेची परंपरा वेगळी आहे. तेथे आधी गाठीभेटींतून मसुदे एकत्र केले जातात आणि मग ठरावावरच चर्चा होते. संकट समित्यांत, म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या काल्पनिक संकटावर निर्णय घेणाऱ्या समित्यांत, नियम सैल असतात. ठरावाऐवजी छोटे निर्देश काढले जातात.