टेबलावरच्या बेसबॉलमधले गाजलेले संघ: कार्ड मूळ आकड्यांवर काढायचे की काळाला धरून?

१९०६ चा शिकागो कब्ज, १९२७ चा यँकीज, १९३० चा फिलीज, १९७५ चा सिनसिनाटी रेड्स. फासे आणि कार्डे घेऊन अमेरिकन बेसबॉलचे हे जुने संघ एकमेकांसमोर बसवणाऱ्यांमध्ये गेली कित्येक वर्षे एकच वाद चालू आहे. खेळाडूचे कार्ड त्याच्या हंगामातल्या मूळ आकड्यांवरून बनवायचे, की सगळे हंगाम आधी एका पातळीवर आणून मग? अलीकडे घरी स्वतः कार्डे तयार करणारे वाढले, तसा वाद आणखी पेटला. त्याचे मूळ खेळांच्या रचनेत आहे, म्हणून इतिहास थोडक्यात पाहू.

खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर बेतलेला, फाशांनी खेळायचा ‘नॅशनल पास्टाइम’ १९३० च्या सुमारास विस्कॉन्सिनमधून निघाला आणि फार काळ टिकला नाही. १९४१ मध्ये ‘ऑल-स्टार बेसबॉल’ आला. त्यात प्रत्येक बॅटरची (चेंडू मारणाऱ्याची) एक गोल चकती असे. ती फिरत्या काट्याखाली बसवायची, काटा ज्या भागावर थांबेल तो निकाल. होमरनचा (सगळे बेस फिरून थेट धाव देणाऱ्या फटक्याचा) भाग त्याच्या होमरनच्या प्रमाणात रुंद, पण समोर पिचर (चेंडू टाकणारा) कोण आहे याचा काहीच परिणाम नाही. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरहून टपालाने विकला जाणारा ‘एपीबीए’ आला. लाल आणि पांढरा फासा मिळून ११ ते ६६ असे ३६ निकाल. बॅटरच्या कार्डावरून एक आकडा मिळतो आणि बेसवर कोण कुठे आहे त्यानुसार तो तक्त्यात पाहायचा. पिचरला ए ते डी अशी श्रेणी. ८, ९ यांसारखे काही फटक्यांचे आकडे वरच्या श्रेणीच्या पिचरपुढे बाद ठरतात, पण मुख्य सूत्रे बॅटरच्या कार्डाकडेच राहतात.

१९६१ चा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ इथेच वेगळा पडला. एक फासा रकाना ठरवतो: १ ते ३ आला तर बॅटरचे कार्ड, ४ ते ६ आला तर पिचरचे. उरलेल्या दोन फाशांच्या बेरजेने ओळ ठरते. तीन रकाने आणि प्रत्येकात ३६ शक्यता, म्हणजे एका कार्डावर १०८. निम्मे निकाल बॅटरचे, निम्मे पिचरचे. चालू हंगामाच्या कार्डांचा जम बसल्यावर जुन्या गाजलेल्या संघांचे संचही जोडीला आले आणि तेव्हापासून दोन वेगळ्या काळांतली कार्डे एकाच फाशावर येऊ लागली.

आता मुख्य मुद्दा. १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगांपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) बॅटिंगची सरासरी, म्हणजे संधींतल्या यशस्वी फटक्यांचे प्रमाण, ०.३०३ होती. १९६८ मध्ये त्याच लीगची ०.२४३. फिलीजने १९३० मध्ये ०.३१५ ची सरासरी राखली आणि तरीही १०२ सामने गमावले, कारण त्यांच्या पिचरांचा ईआरए (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या वगळून) ६.७१ होता. असा संघ जर टेबलावर १९६८ च्या चांगल्या संघांना झोडपू लागला, तर कार्डांत खोट आहे हे उघड आहे. चकतीच्या खेळात नेमके हेच होते. बॅटर आपला काळ पूर्ण सोबत आणतो आणि समोरचा पिचर तो अडवू शकत नाही. श्रेणीच्या खेळात हे थोडे कमी होते, पण होतेच. तिथे आकडे समपातळीवर आणल्याशिवाय गत्यंतर नाही.

निम्म्या-निम्म्या खेळात मात्र हिशोब बदलतो. क्षेत्ररक्षणाचे खाने (ज्यांचा निकाल क्षेत्ररक्षकाच्या मानांकनावर ठरतो) बाजूला ठेवले तर ढोबळ सूत्र असे: कार्डावरची सरासरी म्हणजे प्रत्यक्ष सरासरीची दुप्पट वजा लीगची सरासरी. १९३० मध्ये ०.४०१ मारणाऱ्या जायंट्सच्या फर्स्ट बेसमनचे कार्ड ०.४९९ वर जाते. १९६८ मध्ये १.१२ ईआरए राखणाऱ्या सेंट लुईसच्या पिचरविरुद्ध बॅटरांनी ०.१८४ मारले होते, त्याचे कार्ड ०.१२५. दोघांना भिडवले की मधली सरासरी ०.३१२. आता १९३० चा साधारण बॅटर १९६८ च्या साधारण पिचरसमोर उभा करा: ०.३०३ आणि ०.२४३ यांची सरासरी ०.२७३. उलट जोडी लावली तरी ०.२७३ च. म्हणजे फटक्यांच्या बाबतीत कोणत्याच काळाला फुकटचा फायदा मिळत नाही. ‘मूळ आकड्यांची कार्डे म्हणजे फसवणूक’ असे सरसकट म्हणणारे हे गणित मांडून पाहत नाहीत.

होमरनचेही तसेच. १९२७ मध्ये यँकीजच्या राइट फिल्डरने ६९१ वेळा बॅटिंगला येऊन ६० होमरन मारले. अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही संघाने मिळूनही तितके मारले नव्हते. त्याचा दर ८.७ टक्के, लीगचा एका टक्क्याहून किंचित कमी. सूत्राने त्याच्या कार्डावर १०८ पैकी सुमारे १८ शक्यता होमरनच्या येतात. समोर १९०६ चा, होमरन जवळजवळ न देणारा पिचर असला, तरी हे १८ खाने शाबूत राहतात.

खरी गफलत होते ती चुकांच्या मानांकनात, आणि तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. क्षेत्ररक्षकाची चूक त्याच्या एकट्याच्या मानांकनावरून ठरते, त्यात समोरच्या संघाचा वाटा नाही. १९०६ च्या कब्जच्या १९४ चुका त्या लीगमध्ये सर्वांत कमी होत्या. १९७५ च्या रेड्सच्या सुमारे शंभर. मूळ आकडे तसेच ठेवले, तर आपल्या काळातला उत्तम क्षेत्ररक्षणाचा संघ टेबलावर गलथान दिसतो. दोष त्या खेळाडूंचा नाही, तेव्हाच्या हातमोज्यांचा आणि मैदानांचा आहे. म्हणून निम्म्या-निम्म्या खेळातही चुकांचे आकडे त्या त्या लीगच्या सरासरीने भागून घ्यावेत. फटके मूळ, चुका समपातळीवर, हीच मांडणी टिकते.

जुन्या संघांच्या नोंदींतही भोके आहेत. बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद) झाला हे नॅशनल लीग अधिकृतपणे १९१० पासून मोजू लागली, अमेरिकन १९१३ पासून. डबल प्लेवर (एकाच फटक्यावर दोघे बाद) जमिनीवरचा फटका मारून बाद होण्याची मोजणी अनुक्रमे १९३३ आणि १९३९ पासून. म्हणजे १९०६ च्या कब्जच्या बॅटरांचे हे खाने अंदाजाने भरावे लागतात, आणि अंदाज करणाऱ्याने तसे संचावर लिहिले नसेल तर ती कार्डे जपून वापरावीत. डावखुऱ्या आणि उजव्या पिचरविरुद्धचे वेगवेगळे आकडेही जुन्या संघांना बराच काळ नव्हते. जुनी स्कोअरपत्रे जमवून सामन्यातल्या प्रत्येक प्रसंगाच्या नोंदी उभारण्याचे स्वयंसेवी काम १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हा कुठे हे खाने हळूहळू भरू लागले.

मोजक्या फटक्यांचा धोका वेगळाच. ६० वेळा बॅटिंगला येऊन ०.४०० मारलेला राखीव खेळाडू कार्डावर देव होतो आणि खेळणारा त्याला रोज उतरवतो. हंगामातल्या प्रत्यक्ष वापराइतकीच मर्यादा घालणे हा यावरचा जुना आणि अजूनही सर्वांत चांगला उपाय. हाच प्रश्न होमस्टेड ग्रेज, कॅन्सस सिटी मोनार्क्स अशा निग्रो लीगच्या (वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगच्या) संघांना लागतो. तिथले लीग हंगामच साधारण ६० ते ८० सामन्यांचे होते. २०२० च्या डिसेंबरात १९२० ते १९४८ मधल्या या लीगना मेजर (सर्वोच्च पातळीचा) दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये आकडे अधिकृत यादीत आले. त्यात ग्रेजच्या कॅचरची १९४३ ची ०.४६६ ही एका हंगामातली सर्वोच्च सरासरी ठरली. ते कार्ड काढताना एका हंगामावर थांबू नये. आगेमागे दोन-तीन हंगाम मिळून सरासरी घ्यावी, आणि त्याच मोजपट्टीने दुसऱ्या संघांतल्या कमी खेळलेल्या खेळाडूंचीही घ्यावी.