थरांचा हिशोब: लेअरच्या कडा काळवंडतात, त्यामागची गोष्ट

फोटो सुधारण्याचा फोटोशॉप हा प्रोग्रॅम 1990 साली बाजारात आला तेव्हा त्यात लेअर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे चित्रांचे सुटे थर, नव्हते. आज डीटीपीच्या दुकानात बसणाऱ्या पंचविशीतल्या ऑपरेटरला हे खरे वाटत नाही. कापलेला भाग चित्रावर तरंगत असे आणि सिलेक्शन सोडले की खालच्या चित्रात कायमचा चिकटे. अंडूही, म्हणजे केलेले काम मागे घेणेही, एकदाच. अक्षरांखाली मऊ सावली पाडायची तर चॅनलची, म्हणजे चित्रातल्या आकड्यांच्या एका करड्या पट्टीची, नक्कल काढायची, ती धूसर करायची, थोडी सरकवायची आणि कॅल्क्युलेट मेनूतून दोन चॅनलचा गुणाकार लावायचा, असा द्राविडी प्राणायाम होता. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले आणि तो संपला. 1996 मध्ये ॲडजस्टमेंट लेअर (खालच्या फोटोचा रंग-उजेड बदलणारा थर), 1998 मध्ये हिस्टरी (अनेक पावले मागे जाणे) आणि तयार लेअर इफेक्ट, 2005 मध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जपून ठेवणारा लेअर), 2007 मध्ये त्यावर लावून पुन्हा काढता येणारे स्मार्ट फिल्टर. मूळ फोटोला धक्का न लावता कितीही प्रयोग करता येणे, ही सोय या तेरा वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती आली.

अनेक चित्रांचे एक चित्र करण्याची हौस मात्र फार जुनी. 1857 मध्ये इंग्लंडमध्ये तिसाहून अधिक निगेटिव्ह एकाच कागदावर तुकड्यातुकड्याने छापून एक भलेमोठे छायाचित्र सिद्ध झाले होते. त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या रंगाला इतक्या चटकन प्रतिसाद देत की जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. म्हणून आकाशाची निगेटिव्ह वेगळी घेऊन छापताना जोडत.

संगणकात या युक्तीला गणित मिळाले ते 1970 च्या दशकाच्या अखेरीस, न्यूयॉर्कजवळच्या एका प्रयोगशाळेत. पिक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांना चौथा आकडा जोडला गेला. हा पिक्सेल किती झाकलेला आहे, हे तो आकडा सांगतो. त्यालाच अल्फा म्हणतात. 1984 मध्ये एका शोधनिबंधाने या झाकण्याचे सगळे प्रकार सूत्रांत बांधले, आणि आजच्या प्रत्येक प्रोग्रॅममधला साधा नॉर्मल मोड (मोड म्हणजे वरचा लेअर खालच्यात मिसळण्याची पद्धत) त्यातल्याच एका सूत्रावर चालतो. अर्धा झाकलेला पिक्सेल म्हणजे वरचा अर्धा उजेड अधिक खालचा अर्धा उजेड. इथे उजेड हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पुढची सगळी भांडणे त्याच्यावरूनच झाली.

फाइलमध्ये साठवलेला आकडा हा उजेडाचे माप नसतो. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये विजेचा दाब दुप्पट केला तर उजेड दुपटीने नव्हे, चौपटीहून अधिक वाढे. शिवाय आपल्या डोळ्याला अंधाऱ्या भागातले बारीक फरक जास्त कळतात. या दोन्हींचा मेळ घालून आकडे आधीच वाकवून ठेवायची पद्धत पडली. या वाकवण्याला गॅमा म्हणतात. त्यामुळे 0 ते 255 च्या पट्टीवर 128 म्हणजे निम्मा उजेड नव्हे. पडद्यावर तो पांढऱ्याच्या जेमतेम 22 टक्के असतो. खरा निम्मा उजेड हवा असेल तर आकडा 188 च्या आसपास लागतो.

लेअर एकमेकांत मिसळताना फोटोशॉपने मात्र हे वाकवलेले आकडेच थेट घेतले. शुद्ध लाल लेअरची कड मऊ करून ती शुद्ध हिरव्यावर ठेवा. मधोमध लाल 128 आणि हिरवा 128 मिळतो, म्हणजे एक मळकट, काळपट शेवाळी पट्टा. उजेडाच्या हिशोबाने तिथे 188 आणि 188 हवेत, म्हणजे स्वच्छ पिवळा. डबल एक्स्पोजरचेही, म्हणजे एकाच फिल्मवर दोन फोटो घेण्याचेही, तेच. फिल्मवर दोन उजेडांची बेरीज होते. 128 चे दोन करडे रंग खऱ्या बेरजेने सुमारे 175 वर जातात, पण फोटोशॉपमधला स्क्रीन नावाचा मोड त्यांचे 192 करतो. या मोडची कल्पना एकाच पडद्यावर दोन प्रोजेक्टर लावण्याची, पण हिशोब त्या उजेडाचा नाही.

हा निर्णय अडाण्यासारखा घेतलेला नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्या काळी मोजक्या मेगाबाइट मेमरीवर काम चाले, आणि प्रत्येक पिक्सेलचे आकडे आधी सरळ, म्हणजे उजेडाच्या प्रमाणात, करून मिसळायचे नि पुन्हा वाकवायचे, एवढी ताकद यंत्रात नव्हती. आठ बिटांत, म्हणजे 0 ते 255 एवढ्याच पायऱ्यांत, सरळ आकडे साठवले असते तर सावलीच्या भागात पट्टे दिसले असते. शिवाय काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा ग्रेडियंट वाकवलेल्या आकड्यांवरच डोळ्याला समान वाटतो. हाताने रंगवणाऱ्या चित्रकारांना तीच पद्धत भावते, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही.

तरीही माझ्या मते ही सोय गरज संपल्यावरही नको तितकी टिकली. कितीतरी जास्त पायऱ्यांचे 16 बिट आणि 32 बिट आले, यंत्रे कितीतरी पट वेगवान झाली, चित्रपटांचे व्हीएफएक्स (संगणकावरची दृश्ये) करणारे तर केव्हाच सरळ आकड्यांवर गेले. फोटोशॉपमध्ये 32 बिटची फाइल सरळ आकड्यांवरच मिसळते. कलर सेटिंग्जच्या प्रगत भागात आरजीबी (लाल-हिरवा-निळा) रंग 1.0 गॅमाने, म्हणजे सरळ आकड्यांवर, मिसळण्याची टिचकी मारायची चौकटही आहे. ती मुळात रिकामी असते. तिच्याच शेजारी अक्षरांसाठी वेगळी चौकट आहे आणि तिथे 1.45 हा मधला आकडा घातलेला असतो. बारीक अक्षरांच्या कडा बिघडतात हे बनवणाऱ्यांनाही मान्य होते, हे त्या आकड्यावरून दिसते. फोटोंना तेवढी सवलत मिळाली नाही.

आपल्याकडे याचा सर्वात मोठा परिणाम लग्नाच्या करिझ्मा अल्बमवर आणि फ्लेक्सवर झाला. बारा बाय छत्तीसच्या तयार पीएसडी (लेअरसकट जपलेल्या फोटोशॉपच्या) फाइलींच्या डीव्हीडी स्टुडिओत आल्या आणि नवरीचा चेहरा मास्कने (लेअरचा नको तो भाग झाकणाऱ्या साच्याने) विरघळवून फुलांच्या लेअरवर बसवणे हे रोजचे काम झाले. हिरव्या शालूची कड गुलाबी पार्श्वभूमीत विरताना जो राखाडी पट्टा येतो, तो घालवायला ऑपरेटर मास्क आत ढकलतात, कडेवरून उजळवणारे डॉज टूल फिरवतात. चूक त्यांच्या हाताची नसते. फ्लेक्ससाठी फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, नेताना आणखी एक गोंधळ होतो. मिसळण्याचे गणित फाइलच्या रंगपद्धतीतल्या आकड्यांवर चालत असल्याने लेअर तसेच ठेवून मोड बदलला की चमक आणि सावल्या वेगळ्याच दिसू लागतात. म्हणूनच प्रोग्रॅम आधी विचारतो, फ्लॅटन करू का, म्हणजे सगळे लेअर एकत्र चिकटवू का? या प्रश्नाला घाईत नको म्हणणाऱ्याला छापून आलेला बॅनर पाहून धक्का बसतो.

दुसरी वाट मोफत मिळणाऱ्या गिंप या फोटो-प्रोग्रॅमने धरली. त्यात वर्षानुवर्षे ओव्हरले मोड एका चुकीमुळे हुबेहूब सॉफ्ट लाइट या दुसऱ्याच मोडसारखा चालत होता, आणि जुन्या फाइली बिघडतील म्हणून ती चूक तशीच सांभाळली गेली. 2018 च्या 2.10 आवृत्तीत धीर करून घडी बदलली. नॉर्मल आणि मल्टिप्लाय सरळ आकड्यांवर आले, ओव्हरले दुरुस्त होऊन वाकवलेल्याच आकड्यांवर राहिला, आणि जुने मोड लेगसी नावाच्या वेगळ्या गटात ठेवले गेले, म्हणजे आधीची फाइल उघडली तर ती पूर्वीसारखीच दिसते.

फोटोशॉपमधली ती चौकट मात्र फाइलबरोबर जात नाही, ती त्या त्या संगणकाच्या सेटिंगमध्ये राहते. कोल्हापुरात त्या चौकटीत टिचकी मारून केलेली पीएसडी पुण्याच्या छपाईवाल्याकडे उघडली तर मऊ कडा पुन्हा काळवंडतात. त्यामुळे ज्यांना ही चौकट माहीत आहे, तेही तिला हात लावत नाहीत.