पाढे-पाठांतर (मराठवाडा)

प्राथमिक वर्गात पाढे एका सुरात, तालावर म्हणवून घेण्याची अध्यापनरीत. पूर्णांकी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी (साडेतीनपट) ही अपूर्णांकी कोष्टके पूर्वी उजळणीत असत. आज ती जवळजवळ लोपली आहेत.

उगमाविषयी एकमत नाही. मोडी लिपीचे श्रेय परंपरेने देवगिरीच्या यादवांचा करणाधिप (दप्तरप्रमुख) हेमाद्री (तेरावे शतक) याला दिले जाते. त्यावरून दप्तरी हिशेबाची ही कोष्टकेही यादवकालीन ठरवण्याचा मोह होतो, परंतु केवळ तेवढ्यावरून कालनिश्चिती करणे धाडसाचे होईल. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात (सु. ११५०) गुणाकाराच्या रीती आहेत, पाढे नाहीत, ते विद्यार्थ्याला येतात असे गृहीत धरलेले दिसते. म्हणजे पाठांतर त्याहून जुने असावे. भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड म्हणजे मराठवाड्यातील बीड, असे काही अभ्यासक मानतात. मात्र त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा पाटण (चाळीसगावजवळ) येथील शिलालेख (सु. १२०७) पाहता ते गाव खानदेशात होते हे मत अधिक ग्राह्य वाटते.



मेंदूवरील परिणाम : डेलाझर व सहकारी या संशोधकांनी २००५ मध्ये त्याच प्रयोगार्थींना एक नवी आकडेमोड घोकून, तर दुसरी रीत समजावून शिकवली. घोकलेली उत्तरे आठवताना मेंदूचा डाव्या अँग्युलर जायरसपर्यंत पसरलेला भाग, तर रीतीने शिकलेली सोडवताना प्रीक्युनियस हा भाग अधिक सक्रिय आढळला. हे प्रयोगार्थी प्रौढ होते, हे अनेकदा विसरले जाते. मुलांबाबत किन व मेनन यांचा अभ्यास (२०१४) महत्त्वाचा आहे. सात ते नऊ वर्षांची मुले सुमारे वर्षभरात बोटे मोजण्याकडून आठवणीकडे वळली, तेव्हा हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागाचा सहभाग वाढला व मेंदूच्या पुढच्या भागावरील ताण घटला. यावरून ‘घोकंपट्टी की आकलन’ हा वाद फसवा ठरतो. चिंचोके-काड्या मोजणे आणि ‘बे दुणे चार’ हे एकाच वाटेवरचे टप्पे असावेत. मात्र हा अभ्यास बेरजांचा होता. त्याचे निष्कर्ष पाढ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या शासकीय कार्यक्रमानंतर (२०१५) जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी (मुलांनी स्वतः हाताळून शिकण्याच्या) साहित्याचा वापर वाढला. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘बावीस’सोबत ‘वीस दोन’ असे वाचन आले आणि गदारोळ झाला. एकक आधी उच्चारण्याच्या मराठी रीतीचा बोजा कमी करण्याचा तो प्रयत्न होता. विरोधकांनी त्याचा पुरेसा विचार केला नाही, असे दिसते.

बीड व लगतच्या भागांत ऊसतोडीच्या हंगामात (साधारण ऑक्टोबर ते एप्रिल) कुटुंबाबरोबर जाणाऱ्या मुलांची उजळणी मधेच तुटते. पाठांतर सलग सरावावर अवलंबून असल्याने त्याला या खंडाची झळ अधिक बसते. हंगामी वसतिगृहे हा त्यावरचा शासकीय उपाय आहे.