ग्रँड हार्बर आणि ग्रँड हार्बर मरिना, दोन्ही एकच नाहीत

माल्टाला जाऊन आलेले बरेच जण सांगतात "आम्ही ग्रँड हार्बर मरिना बघितली" आणि फोटो दाखवतात तो राजधानी व्हॅलेटाच्या तटबंदीखाली लागलेल्या भल्यामोठ्या क्रूझचा. ती मरिना नाही हो, ते ग्रँड हार्बर. नाव सारखं म्हणून गल्लत होते, पण एक आहे अख्खं बंदर आणि दुसरी त्या बंदराच्या एका खाडीत यॉट लावायची जागा. (त्यात आपल्याकडे मरिना म्हटलं की चेन्नईचा बीचच आठवतो, त्याचा तर इथे काहीच संबंध नाही.)

माल्टीज भाषेत ग्रँड हार्बर म्हणजे 'इल-पोर्ट इल-क्बीर', आणि हा क्बीर म्हणजे अरबीतला 'कबीर', म्हणजे 'मोठा', आपल्या संत कबीरांच्या नावातलाच शब्द. हे बंदर कुणी खणलेलं नाही, समुद्रच जमिनीत आत शिरलाय आणि एका बाजूला बोटांसारख्या खाड्या फुटल्यात. तोंड ईशान्येला, त्यामुळे हिवाळ्यात ग्रेगाले, म्हणजे ईशान्येचा जोरदार वारा, सुटला की लाटा थेट आत यायच्या, म्हणून इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोंडाशी ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारी भिंत, बांधलं. क्रूझ, मालाची जहाजं, फेरी, डॉकयार्ड सगळं इथेच. दुसऱ्या महायुद्धात, १५ ऑगस्ट १९४२ ला, बॉम्बहल्ल्यांनी खिळखिळा झालेला ओहायो हा तेलाचा टँकर दोन बाजूंना दोन युद्धनौका बांधून, अक्षरशः बखोटीला धरून आणला तो ह्याच बंदरात, आणि वेढ्यात अडकलेल्या बेटाला दम धरता आला. मला ही गोष्ट दर वेळी हलवून जाते.

आता मरिना. व्हॅलेटाच्या समोरच्या किनाऱ्यावर बिर्गू आणि सेंगलेआ ही दोन गावं आहेत, मधल्या खाडीला डॉकयार्ड क्रीक म्हणतात, मरिना तिथे, सेंट अँजेलो किल्ल्याच्या पायथ्याशी. १५६५ च्या तुर्की वेढ्यात ह्याच खाडीच्या तोंडावर लोखंडी साखळी ताणली होती, आत नाइट्सची, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांची, वल्ह्यांची गलबतं असायची, आणि आज त्याच पाण्यात सुपरयॉट उभ्या असतात, म्हणजे साधारण २४ मीटरच्या वरच्या. बंदरात जहाज कामासाठी येतं, माल किंवा माणसं उतरवतं आणि जातं, मरिनात यॉट राहायला येते, जागेचं भाडं लांबीवर ठरतं, धक्क्यावरच वीज आणि पाण्याचं कनेक्शन मिळतं, काही यॉट तर अख्खा हिवाळा इथेच काढतात.

यॉट लावायची पद्धतही बघण्यासारखी, मागची बाजू धक्क्याला, नाक पाण्याकडे, पुढून तळाशी बांधलेला दोर, आणि मागून छोटी फळी टाकली की थेट जमिनीवर. हे जमतं कारण तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर असतो. मुंबईत पाणी पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं, म्हणून गेटवेसमोरच्या यॉट लांब पाण्यात उभ्या असतात आणि तिथवर छोट्या होडीने जावं लागतं.

तर व्हॅलेटाला गेलात की अप्पर बाराक्का बागेत उभे राहा. खाली पसरलंय ते सगळं ग्रँड हार्बर. पलीकडे किल्ल्याशेजारी डोलकाठ्यांची दाटी दिसेल ती मरिना, तिकडे जायला खालून दायसा मिळते, माल्टाची रंगीत होडी, तिच्यातूनच जा.